वापरलेल्या स्पोर्ट्स सेडानमध्ये एअरबॅगचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो: कुठून तपासायचं आणि कुठे हात थांबवायचा

आलिशान स्पोर्ट्स सेडान दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे गेली की एक तक्रार हमखास येते. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, कुणीतरी स्कॅनर लावून तो घालवतो आणि आठवड्याभरात तो परत हजर होतो. बीएमडब्ल्यू थ्री सिरीज असो, मर्सिडीजची सी-क्लास असो, ऑडी ए-फोर, लेक्सस आयएस किंवा अक्युरा टीएल असो, कहाणी साधारण सारखीच असते. मी हा दोष इतक्या वेळा शोधून काढला आहे की आता गाडी बघण्याआधीच मालकाला दोन गोष्टी सांगतो. हा दिवा बहुतेक वेळा सीटखालच्या वायरिंगमुळे लागतो, आणि ते काम फार अवघड नसतं. पण एअरबॅगमधला सर्वांत जीवघेणा दोष या दिव्याला कळतच नाही. तो फक्त रिकॉलच्या, म्हणजे दोष काढायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांच्या, यादीत सापडतो. म्हणून दिवा लागलेला असो वा नसो, दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

लक्षणं नीट पाहा

इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. ही त्या यंत्रणेची स्वतःची चाचणी असते आणि ती रोज दिसायला हवी. दिवा विझलाच नाही तर दोष त्या क्षणी हजर आहे. विझून मग खड्ड्यात गाडी आदळल्यावर, सीट पुढेमागे सरकवल्यावर किंवा शेजारी कुणी बसल्यावर परत लागत असेल, तर कुठेतरी संपर्क सुटतोय, आणि ती जागा बहुधा सीटखाली असते. स्टिअरिंग वळवताना दिवा लागतो, त्याच सुमारास हॉर्न कधी वाजतो कधी नाही, स्टिअरिंगवरची आवाजाची किंवा क्रूझची बटणं मरतात, वळवताना आतून घासल्यासारखा आवाज येतो, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंग फिरतानाही एअरबॅग आणि हॉर्नची जोडणी टिकवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवर. बॅटरी उतरल्यावर जम्प देऊन गाडी चालू केली आणि तेव्हापासून दिवा आहे, तर आधी व्होल्टेजचा विचार करा. पावसात किंवा गाडी धुतल्यावर दिवा येत असेल तर गालिचाखाली हात घालून बघा, ओल लागते का.

‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ हा दिवा वेगळा. शेजारची सीट रिकामी असताना किंवा लहान मूल बसलेलं असताना तो लागणं बरोबर आहे. पूर्ण वाढ झालेला माणूस सरळ बसलेला असताना तो लागत असेल तर गाडीला तो माणूस दिसत नाहीये. अपघातात त्याची एअरबॅग उघडणार नाही.

आणि एक लक्षण असं की ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण काहीच दिसत नाही. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर ती गाडी चांगली आहे असं समजू नका. बल्ब गेलेला असेल किंवा मुद्दाम काढलेला असेल. अपघातात फुटलेल्या एअरबॅगा न बदलता विकलेल्या गाड्यांमध्ये मी हे पाहिलं आहे. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर किल्ली स्वतः फिरवा आणि तो दिवा लागून विझताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पहिली तपासणी फुकट आहे: चॅसिस नंबर आणि रिकॉल

हत्यार हातात घेण्याआधी हे करा. व्हीआयएन म्हणजे गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर पुढच्या काचेच्या तळाशी ड्रायव्हरच्या बाजूला आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मिळतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, म्हणून शून्याला ओ समजून टाकू नका. काचेवरचा, दारावरचा आणि कागदपत्रांवरचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. अमेरिकेत विकलेल्या गाडीसाठी एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की न झालेले रिकॉल दिसतात. इतर देशांतल्या गाडीसाठी त्या कंपनीचं त्या देशातलं संकेतस्थळ किंवा अधिकृत डीलर.

हे आधी का? कारण टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरचा दोष. एअरबॅग फुगवणाऱ्या धातूच्या डबीत या कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरलं. ओलावा आणि वर्षानुवर्षांची उष्णता-थंडी यांनी ते खराब होतं आणि अपघाताच्या वेळी गरजेपेक्षा खूप जोरात पेटतं. डबीच फुटते आणि तिचे तुकडे कापड फाडून समोर बसलेल्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले आणि तिथेच २५ पेक्षा जास्त माणसं मेली. यातल्या बऱ्याच गाड्या अगदी आपल्या चर्चेतल्याच आहेत. बीएमडब्ल्यूने मे २०२३ मध्ये, म्हणजे गाड्या वीस वर्षांच्या झाल्यावर, अमेरिकेतल्या सुमारे ९०,००० गाड्यांच्या मालकांना ‘गाडी चालवूच नका’ असं सांगितलं. त्यात २००० ते २००६ मधली थ्री सिरीज आणि २००० ते २००३ मधली फाइव्ह सिरीज होती. होंडा आणि अक्युराच्या २००१ ते २००३ मधल्या काही गाड्यांबद्दल तर एनएचटीएसएने २०१६ मध्ये जाहीर केलं की त्यांचे इन्फ्लेटर अपघातात फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. अक्युरा टीएल त्या यादीत आहे.

या रसायनाच्या बिघाडाने विजेच्या जोडणीत काहीही बदलत नाही. एअरबॅग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूलला तारेतला रोध बरोबर दिसतो, म्हणून दिवा शांत राहतो. दिवा विझलेला आहे म्हणून निर्धास्त असलेल्या मालकांसाठीच मी हा परिच्छेद लिहितो आहे.

रिकॉलची सूचना कंपनी नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर पाठवते. गाडी तीन हातांतून गेली असेल तर ते पत्र कुठल्या तरी जुन्या पत्त्यावर पडलेलं असतं. शिवाय अमेरिकेत वापरलेली गाडी रिकॉल बाकी असताना विकायला केंद्रीय कायद्याने बंदी नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही म्हणून रिकॉल नाही, असं होत नाही.

या शोधाच्या मर्यादाही लक्षात ठेवा. तिथे फक्त अपूर्ण राहिलेले रिकॉल दिसतात, झालेले नाही. शोध मागच्या १५ वर्षांतल्या रिकॉलपुरता आहे. नुकताच जाहीर झालेला रिकॉल असेल तर सगळे क्रमांक लगेच चढलेले नसतात, आणि दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेली गाडी त्यात सापडत नाही. म्हणून जुन्या गाडीचा क्रमांक डीलरलाही फोनवर सांगून विचारा आणि वर्षातून दोनदा हा शोध पुन्हा करा.

आणखी एक गोष्ट क्रमांकाला माहीत नसते. व्हीआयएन सांगतो ते कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल. मध्ये अपघात होऊन भंगारातल्या गाडीची एअरबॅग बसवली असेल, तर रिकॉलचा निकाल स्वच्छ दिसेल आणि स्टिअरिंगमध्ये मात्र दुसऱ्या गाडीचा रिकॉल झालेला इन्फ्लेटर असेल. बनावट एअरबॅगांबद्दल एनएचटीएसएने २०१२ मध्ये इशारा दिला होता, आणि स्वस्तातल्या निकृष्ट इन्फ्लेटरनी माणसं दगावल्यावर २०२४ मध्ये पुन्हा दिला. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग किंवा पोत बाकी चामड्याशी जुळत नसेल, डॅशबोर्डच्या वरच्या कडेला फट असेल, एका सीटबेल्टच्या लेबलवरची तारीख बाकी बेल्टांपेक्षा नवी असेल, तर गाडीचा अपघाताचा इतिहास आधी काढा.

रिकॉल निघाला तर पुढची एकही पायरी करू नका. डीलरला फोन करा, भाग उपलब्ध आहे का विचारा, आणि ‘चालवू नका’ असा शेरा असेल तर गाडी उचलून नेण्याची किंवा दारात येऊन काम करण्याची सोय आहे का तेही विचारा. काम फुकट होतं. अमेरिकेत कायद्याने ही हमी गाडीच्या पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत आहे, पण टकाटाच्या बाबतीत त्याहून जुन्या गाड्याही कंपन्या फुकट दुरुस्त करून देत आल्या आहेत, त्यामुळे वय बघून गप्प बसू नका.

दुसरी, तीही फुकट: त्याच मॉडेलच्या तक्रारी वाचा

एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर वर्ष आणि मॉडेल निवडलं की मालकांनी नोंदवलेल्या तक्रारी वाचता येतात. त्यातल्या फक्त एअरबॅगच्या वाचा. आकड्याकडे बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. जी गाडी जास्त विकली तिच्या तक्रारी जास्त असणारच, आणि तक्रार म्हणजे मालकाचं म्हणणं, तपासून सिद्ध झालेलं नाही. आपल्याला हवं असतं ते वारंवार येणारं वर्णन. पाच जण वेगवेगळ्या शब्दांत ‘शेजारी बायको बसली की दिवा लागतो’ म्हणत असतील, तर सीटमधली माणूस ओळखणारी चटई हा पहिला संशयित. तिथेच कंपनीने डीलरांना पाठवलेल्या सर्व्हिस बुलेटिनही मिळतात. बुलेटिन म्हणजे रिकॉल नाही, ते काम फुकट होईलच असं नाही, पण नेमका कुठला कनेक्टर सैल पडतो हे कारखान्याच्या माणसांनीच लिहून ठेवलेलं असतं. अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा अर्धा तास वाचन केलेलं परवडतं.

दोन जुने रिकॉल उदाहरण म्हणून सांगतो, कारण लक्षणं ओळखायला ते मदत करतात. २००८ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत सुमारे २ लाख गाड्या परत बोलावल्या. शेजारच्या सीटमधल्या त्या चटईला बारीक चिरा पडत आणि त्या बाजूची एअरबॅग बंद होऊन दिवा लागे. २०१७ मध्ये मर्सिडीजने जगभरातल्या १० लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या. त्यात सी-क्लास आणि ई-क्लासही होत्या. क्लॉक स्प्रिंग तुटलेली असेल आणि स्टिअरिंगच्या भागांचं अर्थिंग अपुरं असेल, तर स्थिर विजेने ड्रायव्हरची एअरबॅग आपोआप उघडू शकत होती. तिथे दिवा हीच मालकाला मिळणारी आगाऊ सूचना होती. ‘दिवा आहे, पण गाडी चालतेय ना’ म्हणणाऱ्याला मी हेच उदाहरण देतो.

तिसरी: सीटच्या आजूबाजूला आणि बॅटरीत

सीटखाली काय काय कोंबलंय ते बाहेर काढा. पाण्याची बाटली, छत्री, चार्जरची वायर, हवा भरायचा पंप. या गाड्यांत सीट विजेवर सरकते, मेमरी असेल तर दर वेळी दार उघडल्यावर सरकते, आणि खाली ठेवलेली वस्तू हार्नेसला, म्हणजे तारांच्या जुडग्याला, रेटत राहते. गाडी आतून साफ करून आल्यावर दिवा लागला असेल तर व्हॅक्यूमच्या नळीने कनेक्टर ओढला गेल्याची शक्यता दाट आहे. शेजारच्या सीटवर लॅपटॉपची जड बॅग ठेवली असेल तर ती काढून बघा. बाहेरून घातलेलं सीट कव्हरही काढा. ते चटईचं वजन चुकवू शकतं, आणि सीटच्या कडेतून उघडणारी एअरबॅग त्याने अडकते. या गाड्यांत असं कव्हर नसावं हे माझं स्पष्ट मत आहे, दिवा असो वा नसो.

बकल प्रत्येक सीटचं लावून सोडून बघा. ‘टक’ आवाज येत नसेल, आत कचरा असेल, तर बकलमधला स्विच चुकीचा निरोप देत असतो.

बॅटरी जुनी असेल तर तिची चाचणी करून घ्या. सुरू करताना व्होल्टेज खाली गेलं की एअरबॅग मॉड्यूल ‘पुरवठा कमी’ असा दोषाचा कोड साठवून ठेवतं. बऱ्याच गाड्यांत बॅटरी नीट झाली तरी हा कोड स्कॅनरने पुसेपर्यंत दिवा राहतो. अशा गाडीला कुणी नवीन क्लॉक स्प्रिंग विकत असेल तर आधी बॅटरीचा अहवाल मागा.

चौथी: कोड वाचा, पण योग्य स्कॅनरने

साधा स्वस्त ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचं यंत्र, इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅगचं मॉड्यूल त्याला दिसत नाही, आणि ‘काही दोष नाही’ असं तो सांगतो तेव्हा त्याचा अर्थ ‘मी तिकडे पाहिलंच नाही’ असा असतो. एअरबॅगचे कोड वाचणारा, शक्यतो त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर लागतो. मिळालेला कोड शब्दशः लिहून ठेवा, फोटो काढा, आणि तो आत्ता हजर असलेला आहे की साठवलेला, तेही नोंदवा. हे सगळं पुसण्याआधी. पुसल्यावर पुरावा जातो आणि पुढचा माणूस शून्यापासून सुरुवात करतो.

कोडमध्ये ‘रोध जास्त’ असं असेल तर जोडणी सैल किंवा गंजलेली आहे. एअरबॅग उडवणाऱ्या प्रज्वलकाचा रोध फक्त दोन-तीन ओमच्या आसपास असतो, त्यामुळे पिनवरचा थोडासा गंजही मॉड्यूलला खटकतो. ‘जमिनीला शॉर्ट’ असेल तर वायर कुठेतरी सोलली जाऊन पत्र्याला लागतेय. कोडमध्ये बाजू आणि भाग लिहिलेला असतो: ड्रायव्हर, कडेची एअरबॅग, बेल्ट प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा भाग). तेवढ्यावरच लक्ष द्या.

एकदा पुसून बघायला हरकत नाही. महिनाभर परत आला नाही तर ठीक. लगेच परत आला तर दोष खरा आहे, आणि मग तो दर आठवड्याला पुसत राहणं म्हणजे एअरबॅग उघडणार नाही हे माहीत असून गाडी चालवणं. हे मी कुणासाठीही करत नाही.

पाचवी: सीटखालचा कनेक्टर, आणि तुमच्या हाताची हद्द

कोड कडेच्या एअरबॅगचा, बकलचा किंवा प्रीटेन्शनरचा असेल तर सीटखालचा पिवळा कनेक्टर बघता येतो. पिवळा रंग म्हणजे या तारेच्या टोकाला स्फोटक आहे. आधी सीट अशा जागी सरकवा की खालचं नीट दिसेल, कारण बॅटरी सोडल्यावर ती सरकणार नाही. मग इग्निशन बंद, किल्ली गाडीपासून लांब, बॅटरीची ऋण तार सोडायची, आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं. मॉड्यूलमध्ये राखीव कपॅसिटर असतात. बॅटरी सुटली तरी काही मिनिटं ते एअरबॅग उडवण्याइतकी वीज धरून ठेवतात. तो वेळ कंपनीगणिक वेगळा आहे, म्हणून अंदाज नको.

नंतर टॉर्च घेऊन बघा. कनेक्टरचं कुलूप पूर्ण बसलंय का, वायर रुळात चिरडली आहे का, पिनांवर हिरवट गंज आहे का. सुटलेला असेल तर नीट बसवा. बस, एवढंच. वायर ओढून बघू नका, पिना घासू नका, पिना वाकवून ‘टाइट’ करू नका.

मल्टीमीटर तर अजिबात लावू नका. मीटर रोध मोजताना स्वतःचा प्रवाह सोडतो, आणि तेवढा प्रवाह प्रज्वलक पेटवायला पुरू शकतो. कनेक्टर सुटलेला असताना इग्निशनही चालू करू नका, नाहीतर नवीन कोड साठतो आणि मूळ दोष शोधणं आणखी अवघड होतं. बॅटरी परत जोडताना गाडीत कुणी बसलेलं नको.

एअरबॅगच्या जागी रोधक (रेझिस्टर) लावून दिवा घालवणारे लोक आहेत. मॉड्यूलला वाटतं एअरबॅग आहे, दिवा विझतो, आणि अपघातात तिथून काहीच बाहेर येत नाही. असं काम सुचवणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

इथून पुढे तज्ज्ञच

कोड स्टिअरिंगचा असेल, क्लॉक स्प्रिंगची लक्षणं असतील, सीटमधली चटई बदलायची असेल, सीटबेल्टचा प्रीटेन्शनर असेल, मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद अडकलेली असेल किंवा मॉड्यूलपर्यंत पाणी गेलं असेल, तर थांबा. क्लॉक स्प्रिंग बदलायला एअरबॅग हातात घेऊन बाहेर काढावी लागते, आणि नवीन स्प्रिंग मध्यावर नीट बसवली नाही तर पहिल्याच पूर्ण वळणात तिची पट्टी तुटते. चटई बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या यंत्रावर वजनाचं शून्य पुन्हा ठरवावं लागतं. हे घरी होत नाही. गालिचा ओला असेल तर सनरूफच्या नळ्या आणि एसीचा निचरा मोकळा झाल्याशिवाय नवीन मॉड्यूल बसवू देऊ नका, तेही पुन्हा बुडेल.

माणूस निवडताना विचारा की एअरबॅगचं काम तो नेहमी करतो का, त्या कंपनीचा स्कॅनर आहे का, आणि नवीन भागाचा क्रमांक बिलावर लिहून देईल का. भंगारातली एअरबॅग स्वस्तात बसवून देतो म्हणाला तर तिथून निघा. दिवा सतत लागलेला असताना गाडी त्या कामापुरतीच हलवा, आणि बेल्ट लावल्याशिवाय अजिबात नाही.

काम झाल्यावर पुसल्यानंतरचा स्कॅन अहवाल मागा. किल्ली फिरवा, दिवा लागून विझतो ते बघा. सीट दोन्ही टोकांपर्यंत सरकवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, हॉर्न वाजवा, शेजारी मोठ्या माणसाला बसवून ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ विझतो का बघा.

आणि रिकॉल नसताना दोष निघाला असेल तर तक्रार नोंदवा. व्हीआयएन, तेव्हाचं मीटर रीडिंग, दिवा कधी लागला, कोड काय होता, कुठला भाग बदलला, एवढं लिहा, फोटो जोडा. सुरक्षा संस्था अशा तक्रारींमधला सारखेपणा बघूनच प्राथमिक तपास उघडते, त्यातून अभियांत्रिकी तपास होतो आणि त्यानंतर रिकॉल येऊ शकतो. ‘दिवा लागतो, कंपनी ऐकत नाही’ एवढ्याच ओळीतून तपास करणाऱ्याला काही हाती लागत नाही. कोडचा नंबर असेल तर लागतं.